थ्री फेज जनरेटरमधून सिंगल फेज वीज : बारा टोकांची नवी जोडणी

विट्याजवळच्या आमच्या शेतात, गोठ्यामागच्या शेडमध्ये १५ केव्हीए (जनरेटरची क्षमता मोजण्याचे एकक) क्षमतेचे एक थ्री फेज डिझेल जनरेटर बरीच वर्षे उभे आहे. बाबांनी ते जुन्या बाजारातून घेतले, ते विहिरीवरच्या ५ एचपीच्या मोटारीसाठी. आता विहिरीवर सौर पंप बसला आहे आणि शेतातली थ्री फेजची गरज संपली आहे. गरज उरली आहे ती गोठ्याची. दूध थंड ठेवणारा बल्क कूलर, दूध काढायचे यंत्र, कडबाकुट्टी आणि घर हे सगळे महावितरणच्या एकाच सिंगल फेज जोडणीवर चालते, आणि रात्री वीज गेली की कूलरमधले दूध वाट पाहत थांबत नाही.

पहिली काही वर्षे आम्ही सर्वांत सोपा मार्ग वापरला. जनरेटरच्या आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी आर फेजवर आणि न्यूट्रलवर सगळा भार टाकला आणि बाकीचे दोन फेज मोकळे सोडले. या पद्धतीत यंत्राचा फक्त एक तृतीयांश भाग कामाला लागतो. १५ केव्हीए, ४१५ व्होल्ट या यंत्राचा पूर्ण भाराचा प्रवाह प्रत्येक फेजला २०.९ अँपिअर येतो, म्हणजे एका फेजवर ५ केव्हीएच मिळतात. आमच्या कूलरचा काँप्रेसर चालताना १४ अँपिअर घेतो आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. परिणाम असा व्हायचा की काँप्रेसर सुरू होताच आर फेजचा दाब (व्होल्टेज) खाली जायचा, घरातले दिवे पिवळे पडायचे आणि काँप्रेसर गुरगुरून ट्रिप व्हायचा, तर त्याच वेळी मोकळ्या फेजवर मीटर २५० च्या वर दाखवायचा.

यावर गावात मिळणारा सल्ला एकच होता : तिन्ही फेज एकत्र बांधून टाका, म्हणजे तिप्पट ताकद मिळेल. हा सल्ला मी इतक्या लोकांकडून ऐकला आहे की त्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. आर, वाय आणि बी यांपैकी कोणत्याही दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टचा दाब असतो. त्यांना एका बोल्टखाली आणणे म्हणजे थेट शॉर्ट सर्किट करणे होय. ब्रेकर पडला नाही, तर वाइंडिंग (आतली तांब्याची वेटोळी) जळते. तिन्ही फेजची ताकद एकत्र करता येते, पण त्यासाठी फेजची टोके जशी बाहेर आली आहेत तशी न जोडता आतली वेटोळी सोडवून वेगळ्या क्रमाने मांडावी लागतात. मोटार रीवाइंडिंगच्या एका दुकानात मला पूर्ण स्टेटर (वेटोळी असलेला स्थिर भाग) नव्याने भरून घ्यायला सांगितले होते. त्याचीही गरज नव्हती, कारण आमच्या अल्टरनेटरच्या (जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाच्या) टर्मिनल बॉक्समध्ये बारा टोके आलेली आहेत.

सगळा विषय या बारा टोकांवर उभा आहे. बारा टोकांच्या अल्टरनेटरमध्ये प्रत्येक फेजचे वाइंडिंग दोन समान अर्ध्यांत विभागलेले असते, म्हणजे एकूण सहा स्वतंत्र अर्धवेटोळी मिळतात आणि त्यांतल्या प्रत्येकात १२० व्होल्ट निर्माण होतात. नेहमीच्या स्टार जोडणीत एका फेजची दोन अर्धी एकापुढे एक जोडून २४० व्होल्ट करतात आणि तीन फेजची एकेक टोके न्यूट्रलला एकत्र आणतात. हीच सहा अर्धी दुसऱ्या रीतीने जोडून दुसरी व्यवस्था उभी करता येते. ज्या अल्टरनेटरमध्ये स्टारचा न्यूट्रल आतच बांधलेला असतो आणि बाहेर फक्त चार तारा येतात, तिथे हा मार्ग बंद आहे. तिथे दोन फेजमधले ४१५ व्होल्ट घेऊन ट्रान्सफॉर्मरने २४० करावे लागतात आणि यंत्राच्या क्षमतेपैकी सुमारे ५८ टक्केच हाती येते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. ज्यांच्याकडे लहान लहान भार पुष्कळ आहेत आणि वायरिंग मुळातच थ्री फेज बोर्डातून गेलेले आहे, त्यांनी ही उठाठेव करू नये. भार तिन्ही फेजवर सारखा वाटून घेतला, तर यंत्राची पूर्ण १५ केव्हीए क्षमता मिळते. आमच्या गोठ्याचे आणि घराचे वायरिंग एकाच सिंगल फेज बोर्डातून फिरलेले होते. ते तीन फेजमध्ये तोडायचे, तर न्यूट्रल वेगळे करावे लागले असते, शेजारशेजारच्या दोन सॉकेटमध्ये ४१५ व्होल्ट आले असते, आणि एवढे करूनही काँप्रेसरला सुरू होताना लागणारा प्रवाह एका फेजवरच पडला असता.

उरले दोन पर्याय. पहिला डबल डेल्टा : प्रत्येक फेजची दोन्ही अर्धी एकापुढे एक जोडून २४० व्होल्टच्या तीन बाजूंचा बंद त्रिकोण करायचा आणि त्याच्या एका बाजूवरून वीज घ्यायची. त्या बाजूच्या वाइंडिंगमधून साधारण दोन तृतीयांश प्रवाह जातो आणि उरलेला एक तृतीयांश दुसऱ्या दोन बाजूंमधून वळसा घालून येतो. एका बाजूवर जास्त ताण पडत असल्यामुळे हिशेबाने १५ पैकी ७.५ केव्हीएच मिळतात. शिवाय त्रिकोण बंद असल्याने तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळच्या तिप्पट वारंवारितेचा प्रवाह आत गोल फिरू शकतो. ज्या यंत्रातल्या वेटोळ्याची रुंदी पोलच्या दोन तृतीयांश ठेवलेली असते त्यात ही भीती राहत नाही, कारण तिथे वेटोळ्याच्या दोन बाजूंमधला तिसरा हार्मोनिक एकमेकाला रद्द करतो. जुन्या यंत्राबाबत मात्र आतली रचना माहीत असतेच असे नाही.

दुसरा पर्याय झिगझॅग, आणि तोच मी निवडला. तो समजून घेण्यासाठी घड्याळाचा आधार घेता येतो. तीन फेजचे दाब म्हणजे बारा, चार आणि आठ या आकड्यांकडे रोखलेले तीन सारखे काटे असे समजा. बाराच्या दिशेने एक पाऊल, चारच्या दिशेने एक आणि आठच्या दिशेने एक टाकले, तर माणूस निघाल्या जागीच परत येतो, म्हणून तीन अर्धी सरळ एकापुढे एक जोडली तर बाहेर शून्य व्होल्ट मिळतात. पण मधले अर्धे उलटे जोडले की चारकडे रोखलेला काटा दहाकडे वळतो. आता बारा, दहा आणि आठ या तीन पावलांनी माणूस दहाच्या दिशेने बरोबर दोन पावले पुढे जातो. १२० व्होल्टची तीन अर्धी अशा रीतीने २४० व्होल्ट देतात. उरलेल्या तीन अर्ध्यांची तशीच दुसरी माळ करून ती पहिलीला समांतर जोडली की प्रवाह दुप्पट होऊन ४१.७ अँपिअर होतो आणि १० केव्हीए मिळतात. सहाही अर्ध्यांवर सारखा भार येतो. १५ पैकी १०, म्हणजे दोन तृतीयांश. या यंत्रातून सिंगल फेजवर याहून अधिक मागणे म्हणजे तांबे जाळणे, हे मी आमच्या भावकीतल्या प्रत्येकाला समजावून सांगितले आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. अडचण ही होती की टोकांवरच्या नंबरांच्या स्लीव्ह केव्हाच गळून पडल्या होत्या. बारा काळपट तारा, आणि कोणती कोणाची याचा पत्ता नाही. इथे एक पद्धत वापरली जी मला अतिशय मोलाची वाटते, कारण ती साध्या मल्टिमीटरने आणि जिवाला धोका न घेता करता येते. एव्हीआरकडून (बाहेरचा दाब जाणून तो स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाकडून) एक्सायटरला, म्हणजे रोटरला चुंबक बनवणारा प्रवाह (उत्तेजन) देणाऱ्या भागाला जाणाऱ्या दोन्ही तारा काढून त्यांची टोके टेपने बंद केली, जुन्या जोडण्यांचा फोटो आणि कागदावरचा आराखडा काढून ठेवला, आणि मग सगळी बारा टोके मोकळी केली. प्रथम इंजिन बंद असताना सातत्य (कोणत्या दोन टोकांत वीज आरपार जाते) तपासून सहा जोड्या शोधल्या. त्यानंतर इंजिन १५०० फेऱ्यांवर चालवले. उत्तेजन नसतानाही रोटरच्या (फिरत्या भागाच्या) लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक असते, त्यामुळे प्रत्येक अर्ध्यात १.८ व्होल्ट दिसत होते. एवढ्या दाबाला हात भाजत नाही की जीव जात नाही, पण दाबांमधले नाते मात्र पूर्ण भाराच्या वेळी असते तेच असते.

एक अर्धे पायाभूत धरले आणि त्याच्या एका टोकाला आळीपाळीने दुसऱ्या अर्ध्याचे एक टोक जोडून उरलेल्या दोन मोकळ्या टोकांमधला दाब मोजत गेलो. जोडणी बदलताना दर वेळी इंजिन थांबवले. चारच उत्तरे येऊ शकतात. शून्य आले तर दोन्ही अर्धी एकाच फेजची आहेत आणि सारखी टोके, म्हणजे सुरुवातीला सुरुवात, जोडली गेली आहेत. ३.६ आले तर फेज एकच, पण एकाच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात लागली आहे. ३.१ आले तर फेज वेगळे आणि टोके सारखी. १.८ आले तर फेज वेगळे आणि टोके विरुद्ध. या चार आकड्यांवरून सगळी बारा टोके ओळखता येतात. मी आर, वाय, बी अशी नावे आणि १, २ असे अर्ध्यांचे क्रमांक देऊन प्रत्येक टोकावर नव्या फेरूल (नंबरांच्या नळ्या) चढवल्या. हे काम एका दुपारी झाले, आणि ते चालू असताना भाऊ मला दर वाचनानंतर कागद दाखवून खात्री करायला लावत होता, ते योग्यच होते.

पहिली माळ अशी बांधली : आर १ ची सुरुवात बाहेर, आर १ चा शेवट वाय १ च्या शेवटाला, वाय १ ची सुरुवात बी १ च्या सुरुवातीला, आणि बी १ चा शेवट बाहेर. वाय उलटा गेला. बाहेरच्या दोन टोकांत ३.६ व्होल्ट मिळाले. दुसरी माळ दुसऱ्या अर्ध्यांची, अगदी त्याच क्रमाने. दोन्ही माळांत तोच फेज उलटा असला पाहिजे, ही बाब फार महत्त्वाची आहे. एका माळेत वाय आणि दुसरीत आर उलटा केला, तरी प्रत्येक माळ स्वतंत्रपणे ३.६ व्होल्टच दाखवते, आणि आकडा जुळला या समाधानात त्या समांतर जोडल्या तर पूर्ण दाबावर दोन माळांमध्ये ४१५ व्होल्टचा शॉर्ट होतो. म्हणून आधी दोन्ही माळांची फक्त एका बाजूची टोके जोडली आणि दुसऱ्या बाजूच्या टोकांमधला फरक मोजला. तो शून्य आला, तेव्हाच दुसरी बाजू बांधली.

माझी चूक यानंतर झाली. जुन्या जोडणीत एव्हीआर आर फेज आणि न्यूट्रल यांमधून दाब जाणत होता. नव्या जोडणीत त्याची एक तार बाहेरच्या टोकावर आली खरी, पण दुसरी तार आर १ च्या शेवटाच्याच लगमध्ये राहिली, आणि ते ठिकाण आता माळेतला मधला सांधा होते. एव्हीआरला २४० ऐवजी निम्मा दाब दिसू लागला आणि तो भरून काढण्यासाठी त्याने उत्तेजन वाढवत नेले. व्होल्टमीटरचा काटा ३०० पार करताना पाहून भावाने इंजिन बंद केले. भार जोडलेला नव्हता, त्यामुळे काही जळले नाही. एव्हीआरची जाणीव चुकीच्या जागी गेली किंवा तुटली, तर दाब खाली न पडता वर जातो, हे आधी माहीत असूनही मी त्या दोन तारा शेवटी तपासल्या, सुरुवातीला तपासायला हव्या होत्या. पुढच्या वेळी एव्हीआरवरचा दाब ठरवणारा पॉट (फिरवायचा स्क्रू) सर्वांत खाली आणून ठेवला, दोन्ही तारा बाहेरच्या टोकांवर घेतल्या आणि मग हळूहळू २४० व्होल्ट लावले. टर्मिनल बॉक्समधली जुन्या न्यूट्रलची बॉडीला जोडलेली पट्टीही याच वेळी काढावी लागते. ती राहिली, तर माळेचा मधलाच सांधा अर्थ होऊन (जमिनीला जोडला जाऊन) बसतो.

तांब्याच्या हिशेबाने १० केव्हीए मिळतात, तरी मी मर्यादा ८ केव्हीएची ठेवली. त्याचे कारण रोटरमध्ये आहे. थ्री फेजचा समतोल भार असताना स्टेटरचे चुंबकीय क्षेत्र रोटरच्याच वेगाने त्याच्याबरोबर फिरते आणि रोटरच्या दृष्टीने ते स्थिर असते. सिंगल फेज भारात हे क्षेत्र जागच्या जागी कमीजास्त होते, आणि अशा क्षेत्राकडे एकमेकांविरुद्ध फिरणारी दोन क्षेत्रे म्हणून पाहता येते. त्यांतले उलटे फिरणारे क्षेत्र रोटरच्या पोलवरून दुप्पट सापेक्ष वेगाने सरकते आणि पोलमध्ये बसवलेल्या डँपर सळ्यांत व लोखंडात १०० हर्ट्झचा प्रवाह उठवते. त्याची उष्णता रोटरमध्येच साठते आणि ती कोणत्याही अँपिअर मीटरवर दिसत नाही. ज्यांच्याकडे उत्पादकाचा सिंगल फेज क्षमतेचा तक्ता असेल त्यांनी माझा हिशेब बाजूला ठेवून तो तक्ताच मानावा.

आमच्याकडे तक्ता नसल्यामुळे चाचणी घेतली. पाण्याच्या पिंपात २ किलोवॅटच्या चार कॉइल सोडून ८ किलोवॅट, म्हणजे ३३ अँपिअरचा भार तीन तास ठेवला आणि पाणी बदलत राहिलो. वाइंडिंग किती तापले हे बाहेरून हात लावून कळत नाही, म्हणून रोध मोजला. जनरेटर थांबवून आणि बाहेरच्या तारा सोडवून, १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ट्रॅक्टरच्या हेडलाइटच्या बल्बामार्फत बाहेरच्या टोकांत प्रवाह सोडला, तो प्रवाह आणि टोकांमधला दाब मोजून भागाकार केला. सकाळी २७ अंशांवर ०.५२५ ओहम होते, चाचणीनंतर लगेच ०.६२. तांब्याच्या नियमाने हे सरासरी तापमान ७४ अंशांच्या आसपास येते. जास्त उष्णता सहन करणाऱ्या एफ वर्गाच्या इन्सुलेशनला ही उष्णता जड नाही. ही सरासरी स्टेटरची आहे, रोटरची नाही, आणि म्हणूनच ८ च्या वर जाण्याचा मोह मी टाळला.

बाहेरच्या वायरिंगमध्ये जवळजवळ सगळेच बदलावे लागले. पूर्वी २०.९ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची केबल होती, तिच्या जागी १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली, आणि न्यूट्रलही तेवढ्याच जाडीचा, कारण सिंगल फेजमध्ये न्यूट्रलमधून फेजइतकाच प्रवाह परततो. चार पोलच्या ब्रेकरऐवजी ३२ अँपिअरचा दोन पोलचा, सुरुवातीचा क्षणिक जास्त प्रवाह सहन करणाऱ्या सी कर्व्हचा एमसीबी (छोटा ब्रेकर) बसवला. गोठ्याकडे जाणाऱ्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) घेतला. ओल्या जमिनीवर उभी असलेली जनावरे विजेला माणसापेक्षा लवकर बळी पडतात, म्हणून हा खर्च मी कोणालाही टाळू देणार नाही. मात्र जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर आरसीसीबी निव्वळ शोभेचा राहतो, कारण गळती झालेल्या प्रवाहाला परतण्याचा मार्गच नसतो. आम्ही माळांचे एक टोक न्यूट्रल ठरवून ते एकाच ठिकाणी अर्थ केले आणि बॉडीचे अर्थिंग वेगळ्या खड्ड्यात नेले.

चेंजओव्हर स्विचबद्दल मी हट्टी आहे. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मधे बंद अवस्था असलेलाच हवा. सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर खुपसून घराला जनरेटरवर घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या जनरेटरची वीज मीटरमधून उलटी रोहित्रापर्यंत, म्हणजे गावाच्या भाषेत डीपीपर्यंत जाते आणि रोहित्र ती ११ हजार व्होल्टच्या बाजूला चढवून देते. लाइन बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात ती येते. आमचे शेवटचे सगळे काम परवानाधारक वायरमनच्या हातून करून घेतले. आतल्या बारा टोकांची जोडणी मी केली असली, तरी बाहेरची जोडणी तपासणारे दुसरे डोळे मला हवे होते.

आता सकाळी आणि संध्याकाळी वीज गेली, की कूलर १४, दूध काढायचे यंत्र ६ आणि घर ४ अँपिअर असा भार येतो. ९ अँपिअरची कडबाकुट्टी धारेच्या वेळी लावायची नाही, असे ठरले आहे. आधी कूलर सुरू करायचा, काँप्रेसर स्थिर झाला की बाकीचे. काँप्रेसर उठताना दाब अजूनही क्षणभर खाली जातो, पण आता भार एका फेजऐवजी सहाही अर्ध्यांवर सारखा पडतो, त्यामुळे तो लगेच सावरतो आणि काँप्रेसर ट्रिप होत नाही. इंजिन मात्र मोकळे चालवायचे नाही. घरचे चार दिवे लावण्यासाठी १२ किलोवॅटचे इंजिन तासन्‌तास चालवले, तर अर्धवट जळालेले डिझेल सायलेन्सरमध्ये आणि पिस्टनवर काजळी धरते. रात्री फक्त दिवे हवे असतील तर आम्ही इन्व्हर्टर वापरतो.

टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी नव्या जोडणीचा आराखडा प्लास्टिकमध्ये बंद करून चिकटवला आहे आणि जुन्या पाटीवर, जिथे १५ केव्हीए, ४१५ व्होल्ट असे कोरलेले आहे, तिथे ८ केव्हीए, २४० व्होल्ट, सिंगल फेज अशी दुसरी पाटी रिव्हेट केली आहे. त्या आराखड्याच्या खालीच जुन्या स्टार जोडणीचाही कागद ठेवला आहे, कारण पुढे कधी थ्री फेजची मोटार पुन्हा आली, तर हीच बारा टोके सोडवून तसे परत बांधावे लागेल.